चौगुले मिस्त्री बोलत नाहीत

चौगुले मिस्त्री चौदा महिने माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रोज आठ तास आम्ही एका छपराखाली होतो, एका भट्टीवर काम करत होतो, दुपारी एकाच नळावर हात धूत होतो. भांडण झालं असतं तर परवडलं असतं. भांडणाऱ्याला निदान तुमच्या तोंडाकडे बघावं लागतं. मिस्त्री माझ्या डोक्याच्या वीतभर वर, पत्र्याकडे बघत आणि शेजारच्या बाबू मगदूमला म्हणत, "सायबास्नी सांग, भट्टी तयार हाय." मग बाबू दोन पावलं माझ्याकडे येई आणि म्हणे, "साहेब, भट्टी तयार हाय म्हणत्यात मिस्त्री."

सुरुवातीला लोक हसायचे. मीही हसायचो. आता हसू येत नाही. मिस्त्री जाऊन वर्ष होत आलं, तरी त्यांच्याबद्दल नीट कुणाशी बोललो नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

कोल्हापूरहून पुण्याच्या दिशेनं निघालं की हायवेलगत लोखंड ओतायच्या ज्या फौंड्र्या लागतात, त्यांतल्या एकीत मी डिप्लोमा करून शिकाऊ म्हणून लागलो. घर राधानगरीकडचं, आडनाव कांबळे, नाव प्रशांत. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी माझा परश्या केला. ते भट्टीचे मुख्य कारागीर. बुटके, काळेसावळे, डोक्याला निळी कापडी टोपी. भुवया अर्ध्याच, कारण उरलेल्या अर्ध्या भट्टीच्या धगीनं जळायच्या आणि पुन्हा उगवायच्या आत पुन्हा जळायच्या. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हे माझं सर्टिफिकेट. तुझं कागदावर हाय, माझं कातड्यावर."

भट्टीभोवती जमिनीवर एक पिवळा पट्टा मारलेला होता. त्याच्या आत पाणी न्यायचं नाही, हा मिस्त्रींचा कायदा. बाटली नाही, ओला फडका नाही, घामानं निथळणारा माणूससुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात मी बाटली घेऊन आत गेलो, तर त्यांनी ती माझ्या हातातून उडवली. मग बाजूला नेऊन, लांबून, जमिनीवर चार थेंब पाणी टाकून त्यावर पळीभर वितळलेलं लोखंड सोडलं. असा आवाज झाला की ऑफिसातला शिपाई धावत आला. "बघितलास? चार थेंब. आता बाटली किती थेंबांची असती, त्याचा हिशेब घरी कर." मी तो हिशेब कधी केला नाही, पण पुन्हा बाटलीही नेली नाही.

त्यांच्या हातात विद्या होती, हे मला मान्य करावंच लागतं. लोखंडाच्या तोंडावर जी साय येते ती कशी फाटते हे बघून ते तापमान सांगायचे आणि मग मी तापमापकाची बंदूक रोखायचो. पाच-सात अंशांचा फरक पडायचा, तोही बहुधा बंदुकीचाच. नमुन्याचा तुकडा ओतून, गार करून, हातोडीनं फोडायचे आणि आतला रंग बघायचे. करडा असला तर "चालंल", पांढरा असला तर "वाया". ही सगळी पारख त्यांनी मला शिकवली, हातचं काही राखलं नाही. दुपारी माझ्या डब्यातली आईनं केलेली सुकटाची चटणी न विचारता उचलायचे आणि त्यांचा खर्डा माझ्या भाकरीवर ठेवायचे. सहा वर्षं असं चाललं.

मग जुने सुपरवायझर निवृत्त झाले. ती जागा मिस्त्रींना मिळणार असं सगळे धरून चालले होते. मालकांनी कधीतरी तसं बोलूनही दाखवलं होतं. पण नवी गिऱ्हाइकं आली, ती कागद मागू लागली, सही करणाऱ्याचं शिक्षण विचारू लागली. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, पंधरा दिवसांनी जाहीर करतो, तोवर कुठं बोलू नकोस. मी बोललो नाही. पंधरा दिवस मी मिस्त्रींच्या शेजारी बसून त्यांचा खर्डा खाल्ला आणि गप्प बसलो. मालकांनी सांगितलं होतं हे खरं, पण मिस्त्रींच्या कानात एक वाक्य घालायला मला कुणी फाशी देणार नव्हतं. मला भीती वाटली होती, एवढंच.

नोटीस लागली त्या दिवशी मिस्त्रींनी ती दुसऱ्याकडून वाचून घेतली नाही, स्वतः अक्षर अक्षर लावून वाचली. मग माझ्यापाशी आले. "मला आदी सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर हार मी आणला असता." एवढंच. मी काही बोलेपर्यंत त्यांनी पाठ फिरवली होती. दुसऱ्या दिवसापासून बाबू मधे आला.

बाबू मगदूमची ओळख करून द्यायला हवी. चाळिशीचा, लॅडल उचलणारा गडी. लॅडल म्हणजे भट्टीतलं लोखंड ज्या मोठ्या डबऱ्यात घेतात ते. आतून मातीचा लेप दिलेलं असतं. बाबूच्या अंगात ताकद होती, पण जीभ लोण्याची. कुणाचं मन मोडणं त्याला जमायचंच नाही. दोन माणसांत वाजलं की हा मधे जाऊन दोघांनाही "तो चांगलं म्हणतोय तुम्हाला" असं सांगायचा. मिस्त्रींनी त्याला निवडलं आणि त्यानं ते काम घेतलं, कारण नाही म्हणणंही त्याला जमत नव्हतं. ऑफिसात असलो की मिस्त्रींचं बोलणं मला ऐकू यायचंच, बाबूचं पोचवणं हे नुसतं नाटक. भट्टीवर मात्र पंख्यांच्या घरघरीत चार हातांवरचं ऐकू येत नसे. तिथं बाबू खरोखर लागायचा.

मालकांनी मला हॉटेलात एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. नाराज सहकाऱ्याला कसं सांभाळावं, यावर टाय घातलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला शिकवलं. त्याला एकट्याला चहाला बोलवा, त्याचं ऐकून घ्या, म्हणाले. मी मिस्त्रींना केबिनमध्ये चहाला बोलावलं. ते आले. बाबूला घेऊन आले. तिघं बसलो. मिस्त्रींनी एक घोट घेतला आणि पत्र्याकडे बघून म्हणाले, "सायबास्नी सांग, साखर जास्ती झालीया."

त्यांनी काम अडवलं असतं तर मला काहीतरी करता आलं असतं. ते काम अडवत नव्हते. मी सांगेन ते, सांगेन तसं, तंतोतंत करत होते. मी तक्त्यावर तापमान लिहून दिलं होतं. एकदा बंदूक बिघडली आणि कमी दाखवू लागली. भट्टी भलतीच तापली आहे हे मिस्त्रींना नुसत्या नजरेनं कळलं असणार, पण तक्त्यातला आकडा बंदुकीवर येईपर्यंत ते आणखी तापवत राहिले. अख्खी हीट, म्हणजे भट्टीभर लोखंड, वाया गेली. संध्याकाळी त्यांनी नमुन्याचा फोडलेला तुकडा माझ्या टेबलावर आणून ठेवला. आतून पांढराफेक.

त्या दिवशी माझा तोल गेला. माझ्या मनात जे वर्षभर साठलं होतं ते मी बाबूला म्हणालो. "जा, विचार त्यांना. माझ्या हाताखाली काम करायची लाज वाटते का? माझं आडनाव आडवं येतं का? स्पष्ट सांगा म्हणावं." बाबूचा चेहरा उतरला. तो भट्टीवर गेला, मिस्त्रींशी बोलताना लांबून दिसला. परत येऊन म्हणाला, "तसं काय न्हाय म्हणत्यात, साहेब. तुमचा राग न्हाय म्हणत्यात." मला ते खरं वाटलं नाही. पण सुकटाची चटणी खाणारा माणूस असा एका नोटिशीनं बदलतो, हेही खरं वाटत नव्हतं. मालकांना सांगून मी त्यांना दुसऱ्या खात्यात टाकू शकलो असतो. टाकलं नाही, कारण त्यांच्याशिवाय भट्टी चालवायची मला हिंमत नव्हती, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

असं करत खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे यंत्रं धुऊनपुसून त्यांची पूजा करतात, झेंडूच्या माळा घालतात, मग मुहूर्ताचं थोडं लोखंड ओततात. भट्टीचा नारळ फोडायचा मान मिस्त्रींचा, कारखाना उभा राहिल्यापासून. मी त्या दिवशी दरवर्षी फाटकापाशी उभा राहायचो. आमच्या घरात आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून नारळ फोडत नाहीत, मीही कधी फोडला नव्हता. त्यामुळे मिस्त्री तो कुठं आणि कसा फोडतात हे मी कधी पाहिलंच नाही. नंतर कळलं, ते नारळ पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर दगडावर फोडायचे, पाणी तिथंच सांडायचे आणि कोरड्या वाट्या आत आणून भट्टीपुढे ठेवायचे.

त्या वर्षी मालकांनी नारळ माझ्या हातात दिला. पाहुणे आलेले, मालकांचा जावई मोबाईलवर चित्रण करत उभा. "आता मान तुझा," मालक म्हणाले. मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या घराच्या रीतीसाठी नाही म्हणायला हवं होतं, आणि मिस्त्री भट्टीच्या चौथऱ्यावर उभे होते म्हणूनही. मी नाही म्हणालो नाही. नवीन खुर्चीवरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, असं मी मनाला सांगितलं.

लॅडल तापवून कोरडं ठेवणारा खालचा बर्नर पूजेसाठी तासाभरापूर्वी काढून ठेवला होता. लॅडल माळांनी झाकलेलं. नारळातही पाणीच असतं, हे मनात न येता मी तो त्याच्या लोखंडी काठावर आपटला. पहिल्यांदा फुटला नाही, लोक हसले. दुसऱ्यांदा जोरात आपटला. पाणी माझ्या बुटांवर सांडलं. सगळं तिथंच सांडलं, असं मला वाटलं. टाळ्या वाजल्या.

भट्टी वितळलेल्या लोखंडानं भरलेली होती आणि ती वाकवायचा दांडा मिस्त्रींच्या हातात होता. त्यांनी बाबूला जवळ बोलावलं, त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं. बाबू पाहुण्यांतून वाट काढत माझ्यापाशी आला. मालकांकडे बघून ओशाळं हसला आणि म्हणाला, "मिस्त्री म्हणत्यात, जरा थांबूया का? घाई कशाला."

मला वाटलं, नारळ लागलाय त्यांना. आता सगळ्यांसमोर मला थांबवून दाखवायचं आहे. का थांबायचं, हे मी विचारलं नाही. "त्यांना सांग," मी म्हणालो, "मालक उभे आहेत, मुहूर्त टळतोय. उगाच अडवू नका." बाबू निरोप घेऊन परत निघाला. मी हात वर केला. भट्टी वाकवायची ती खूण. मिस्त्रींनी माझ्या हाताकडे पाहिलं, अजून वाटेत असलेल्या बाबूकडे पाहिलं आणि दांडा ओढला.

स्फोट फार मोठा नव्हता. माळा उडाल्या, लोखंड कारंज्यागत उसळलं. लॅडलवरची माणसं तोंडाला जाळी लावून मागं सरकलेली होती. बाबू मात्र उघड्या तोंडानं तिथून चालला होता. तो माझं उत्तर पोचवायला चालला होता.

त्याचे दोन्ही डोळे गेले.

चौकशी झाली. कारखाना निरीक्षकांपुढे मिस्त्री सरळ उभे राहून म्हणाले, "लॅडलात पाणी गेलंय, म्हणून मी निरोप धाडला हुता. ऐकून बी त्यांनी हात वर केला. खूण आली, मी वाकवली. मला वाकवायला नको हुती, हे बी लिवून घ्या." मी सांगितलं की पाण्याचं मला कुणीही काही बोललं नाही. ते खरं होतं. पण ते ऐकताना मिस्त्रींच्या तोंडावर जो तिटकारा आला, तो मी विसरत नाही. त्यांना वाटलं, मी कातडी वाचवतोय. मला वाटलं, आयत्या वेळी निरोपात पाणी घुसडून हे मला गुन्हेगार ठरवताहेत. इस्पितळात बाबूचा जबाब घेतला तर तो म्हणाला, "मला कायबी आठवत न्हाय." अपघात म्हणून नोंद झाली. मालकांनी बाबूच्या बायकोला, शोभावहिनींना, कँटीनमध्ये काम दिलं. मिस्त्री दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. राजीनाम्याचा कागदही पाठवला नाही.

मी नोकरी सोडली नाही. सोडावी असं रोज वाटायचं.

बाबूकडे उचगावला मी अधूनमधून जायचो, बहुधा कामाच्या दिवशी, सुटल्यावर. एकदा रविवारी दुपारी गेलो. दारात ओळखीच्या चपला दिसल्या. परतावं की काय, असं वाटलं, तोवर माझ्या पावलांच्या आवाजानं बाबू म्हणाला, "कोण? साहेब?" आत मिस्त्री त्याची दाढी करत होते. बाबूच्या तोंडावर भाजल्याचे उंचवटे, त्यांतून वस्तरा फिरवणं सोपं नव्हतं. मिस्त्री एका हातानं कातडी ताणून धरत होते आणि श्वास रोखून एकेक ओढ घेत होते. मला बघून त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. दर रविवारी ते हे करायला वडणग्याहून येतात, हे मला तेव्हा कळलं.

दाढी झाली. बाबू म्हणाला, "दोघंबी हायसा. बरं झालं. आता मी निरोप्याचं काम करत न्हाय. बोला एकमेकांसंगं."

मिस्त्री ब्रश धूत राहिले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. बोलायला काय हरकत होती? माझ्याकडे चौदा महिन्यांचं बोलणं साठलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य वर येईना. बाबू कान देऊन बसला होता.

"मिस्त्री?" तो म्हणाला. उत्तर आलं नाही. "गेले व्हय मिस्त्री?"

मिस्त्री त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते, ओला टॉवेल घेऊन. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पत्र्याकडे नाही, माझ्या डोळ्यांत. आणि मान हलवली. हो म्हण, अशी.

"गेले," मी म्हणालो.

"मग सांगतो," बाबू म्हणाला. "त्यांच्यादेखत मला बोलवत न्हाय. त्या दिवशी मिस्त्री काय म्हणालते म्हाईत हाय? 'त्या कांबळ्याला सांग, लॅडलात पाणी सांडलायस. बर्नर लाव परत, न्हायतर माणूस मारशील.' असं. आता मालकाच्या पावण्यांफुडं हे तुम्हाला कसं सांगायचं? सणाच्या दिवशी तुमची शोभा झाली असती. म्हणून मी म्हटलं, जरा थांबूया का. सारं वरीस तसंच करत आलो की मी. तुमचं कडू तिकडं न्हेलं न्हाय, त्यांचं कडू हिकडं आणलं न्हाय. त्यात पाणी तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

मी मिस्त्रींकडे बघू शकलो नाही.

"बाबू, तुझी चूक न्हाय," मी म्हणालो.

"मग कुणाची?" त्यानं खरोखर विचारलं. उत्तर त्या खोलीत उभं होतं आणि बसलेलं होतं.

"एक करा साहेब," बाबू म्हणाला. "हे मिस्त्रींना सांगू नका. लई जीव लावत्यात मला. त्यांचा निरोप मीच खाल्ला, हे कळलं तर यायचे बंद हुतील."

मिस्त्रींनी टॉवेल दोरीवर टाकला. तो टाकताना दोरी हलू नये म्हणून दुसऱ्या हातानं धरली. मग दारापाशी वाकले, चपला उचलल्या आणि अनवाणी बाहेर पडले. उन्हानं बोळातली फरशी तापलेली होती. मी दारातून बघत होतो. बोळ संपेपर्यंत ते पावलं न वाजवता चालत गेले, आणि वळले तेव्हाही चपला त्यांच्या हातातच होत्या.

"सांगणार न्हाईसा न्हवं?" बाबूनं मागून विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो.